ग्रिड डेटावरून काढलेली रंगपट्टी रोज बदलते आणि नकाशा एकरंगी येतो: कारणे व उपाय

काटोल-नरखेडकडील संत्रा बागायतदारांच्या एका गटासाठी आम्ही नागपुरातून दर पावसाळ्यात विदर्भातील रोजच्या पावसाचा नकाशा तयार करून पाठवतो. पहिल्याच वर्षी जुलैत एका बागायतदाराचा फोन आला: "काल आमच्या गावावर गडद निळा रंग होता, आज फिका दाखवता. पाणी तर आज जास्त पडलं ना भाऊ!" त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांच्या चौकटीत (नकाशा ज्या आकड्यांच्या जाळीवरून, म्हणजे ग्रिडवरून, काढतो तिच्या एका घरात) आदल्या दिवशी २२ मिलिमीटर पाऊस होता आणि त्या दिवशी ३१. परंतु आदल्या दिवशी संपूर्ण नकाशातील कमाल पाऊस ३२ मिलिमीटर होता, तर दुसऱ्या दिवशी दक्षिण गडचिरोलीत तो २४० पर्यंत पोहोचला होता. आमची रंगपट्टी, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवणारी यादी, किमान ते कमाल या अंतराचे आठ समान भाग करत असे. त्यामुळे पहिल्या दिवशी एकेक वर्ग ४ मिलिमीटरचा होऊन २२ हा आकडा सहाव्या रंगात गेला, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग ३० मिलिमीटरचा झाल्याने ३१ हा आकडा दुसऱ्या रंगात उतरला. संगणकाने काहीही चुकवले नव्हते. त्याला जे सांगितले होते तेच त्याने केले होते.

ही अडचण दर मोसमात नव्या रूपात परत येते: कधी नकाशा सगळा एकाच रंगाचा येतो, कधी झूम केल्यावर रंग पालटतात, कधी कोरड्या भागात काळे ठिपके उमटतात. मूळ जवळपास प्रत्येक वेळी एकच असते, ते म्हणजे रंगांच्या सीमा ज्या ग्रिडवरून काढल्या ते ग्रिड आणि आपण समजत होतो ते ग्रिड, यांत फरक असतो. पुढील विवेचन जीएमटी (आज्ञा लिहून नकाशे काढण्याचे साधन) आणि क्यूजीआयएस (पडद्यावर थर मांडून नकाशे काढण्याचे साधन) या दोन साधनांच्या अनुभवावर आधारलेले आहे. पायथनमध्ये काम करणाऱ्यांनाही कारणे तीच लागू पडतात.

प्रथम किमान आणि कमाल वाचा

रंगांना हात लावण्यापूर्वी ग्रिडमधील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या पाहावी. जीएमटीमध्ये त्यासाठी जीआरडीइन्फो ही आज्ञा आहे, आणि क्यूजीआयएसमध्ये थराच्या गुणधर्मांत ही माहिती मिळते. आमच्याकडे आलेल्या एकरंगी नकाशांपैकी बहुतेकांचे निदान या एका ओळीतच झाले आहे.

भारतीय हवामान विभागाचा दैनिक पावसाचा ग्रिड डेटा ०.२५ अंशाचा आहे. त्यात पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिणोत्तर १२९ बिंदू असतात, म्हणजे एका दिवसाच्या १७,४१५ चौकटी. यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक चौकटी समुद्रात किंवा देशाच्या सीमेपलीकडे पडतात आणि त्यांत उणे ९९९ हा आकडा भरलेला असतो. ही खूण "येथे नोंद नाही" एवढेच सांगते, पण रंगपट्टी काढणाऱ्या आज्ञेला ती पाऊसच वाटते. मग पट्टी उणे ९९९ पासून २४० पर्यंत ताणली जाते आणि शून्य ते २४० हा सगळा खरा पाऊस वरच्या पाचव्या हिश्शात कोंबला जातो. क्यूजीआयएसचा "क्युम्युलेटिव्ह काउंट कट" हा पर्याय टोकांचे दोन-दोन टक्के आकडे सोडून देतो, म्हणून तो येथे वाचवील असे अनेकांना वाटते. परंतु निम्म्याहून अधिक चौकटींत जो आकडा आहे, तो दोन टक्के छाटून कसा जाणार?

नेटसीडीएफ (ग्रिड डेटा साठवण्याचा एक प्रकार) फाइलमध्ये रिकाम्या जागेची खूण फाइलमध्येच नोंदलेली असते आणि बहुतेक साधने ती स्वतः ओळखतात. खरा त्रास साध्या बायनरी फाइलचा आहे, जिच्यात नुसते आकडे एकामागून एक भरलेले असतात. तिच्या नावाचेही शेपूट "जीआरडी" असल्यामुळे नवखा माणूस ती थेट जीएमटीला देऊन पाहतो आणि चकतो, कारण नाव सारखे असले तरी आतली रचना निराळी आहे. ती एक्सवायझेडटूजीआरडी या आज्ञेने वाचावी लागते: आकडे चार बाइटांचे, ओळी दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि प्रत्येक ओळ पश्चिमेकडून पूर्वेकडे. वाचतानाच उणे ९९९ म्हणजे रिकामे, असे सांगण्याची सोय आहे आणि ती वापरावी. जाता जाता फाइलचा आकारही पाहून घ्यावा. एका दिवसाचे ६९,६६० बाइट होतात, म्हणून साध्या वर्षाची फाइल २,५४,२५,९०० बाइटांची आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइटांची असली पाहिजे. २०२४ मध्ये २९ फेब्रुवारी मोजायचा राहून गेल्यास मार्चपासूनचा प्रत्येक नकाशा एक दिवस सरकतो, आणि मग दोष रंगपट्टीला दिला जातो.

तापमानाच्या ग्रिडमधील सापळा याहून लबाड आहे. तेथे रिकाम्या चौकटीची खूण ९९.९ ही आहे. उणे ९९९ पाहून निदान शंका तरी येते; ९९.९ मात्र आकड्यांच्या गर्दीत सहज खपून जातो. मे महिन्यात देशभरातील कमाल तापमान समजा १५ ते ४७ अंशांदरम्यान असेल, तर ही खूण न काढल्यास पट्टी १५ ते ९९.९ अशी होते आणि ४३ अंशांवर तापलेले नागपूर खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या टोकाला, म्हणजे प्रचलित पट्टीवर हिरव्या रंगाच्या आसपास, येऊन बसते. मे महिन्यातले हिरवेगार नागपूर पाहून आम्हाला हसू आले होते, पण ते चित्र गटाला पाठवून झाले होते.

ही खूण काढताना "बरोबर ९९.९" अशी तुलना करू नये. चार बाइटांत ९९.९ हा दशांश तंतोतंत मावत नाही. तो प्रत्यक्षात ९९.९००००१५ असा साठवला जातो आणि आठ बाइटांत नेल्यावर ९९.९ शी जुळत नाही. त्यापेक्षा जीएमटीच्या जीआरडीक्लिप या आज्ञेने ९० च्या वरचे सर्व काही रिकामे करावे. असे केल्याने कोणतीही खरी नोंद जात नाही, कारण नागपूरचा विक्रमी आकडासुद्धा २३ मे २०१३ चा ४७.९ अंश हा आहे.

खूण नसलेला, पण चुकीचा असा आकडाही असू शकतो. मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांच्या वर नोंद झाली होती आणि तो संवेदकातील बिघाड असल्याचे नंतर स्पष्ट झाले. केंद्रांच्या आकड्यांवरून आपले ग्रिड आपणच तयार करत असू, तर असा एक आकडा सगळ्या जिल्ह्याची पट्टी वर ओढून नेतो. यावर गणिती उपाय शोधत बसू नये. शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहावे आणि पटले नाही तर आकडा काढून टाकावा.

शून्यांचा ढीग

रिकाम्या चौकटी बाजूला केल्यावरही पावसाचे ग्रिड रंगपट्टीला सरळ जाऊ देत नाही, कारण त्यात शून्ये फार असतात. समान अंतराचे वर्ग का फसतात ते वर आलेच आहे. त्यावर सुचवला जाणारा नेहमीचा उपाय म्हणजे प्रत्येक वर्गात सारख्याच चौकटी येतील अशा सीमा काढणे. जीएमटीची जीआरडीटूसीपीटी ही आज्ञा वेगळे काही सांगितले नाही तर याच जातीचा मार्ग घेते. ती आकड्यांचे संचित वितरण (किती टक्के आकडे कोणत्या संख्येपर्यंत येतात ते) पाहते आणि आकडे जेथे दाट आहेत तेथे रंगांच्या सीमाही दाट ठेवते. भूपृष्ठाच्या उंचीसाठी हा मार्ग उत्तम आहे. अकोला-अमरावतीचा सपाट पट्टा, नागपूरची सुमारे ३१० मीटर उंची आणि मेळघाटात चिखलदऱ्याजवळचे ११०० मीटर, हे सगळे एका पट्टीत नीट मावते. फक्त एसआरटीएम या उंचीच्या डेटाच्या मूळ फाइलमधील उणे ३२,७६८ ही खूण आधी काढावी लागते.

पावसाच्या बाबतीत मात्र पंचाईत होते. समजा दहा वर्ग करायचे आहेत आणि शंभरपैकी साठ चौकटी कोरड्या आहेत. लहानापासून मोठ्यापर्यंत आकडे मांडून दर दहाव्या टक्क्याला सीमा आखली, तर १०, २०, ३०, ४०, ५० आणि ६० या सहाही टक्क्यांवरची सीमा शून्य येते. दहा रंगांपैकी सहा रंगांना रुंदीच उरत नाही. काही साधने अशा वेळी चूक दाखवून थांबतात, काही मुकाट्याने ते रंग गिळतात आणि उरलेल्या चार रंगांत नकाशा काढतात. शून्ये वगळून उरलेल्यांचे समान भाग पाडले तर चूक दिसणे थांबते, पण दुसरे दुखणे सुरू होते: संपूर्ण विदर्भात केवळ भुरभुर झाली असेल त्या दिवशीही एक दशांश ओल्या चौकटी सर्वांत गडद रंगात येतात आणि ४ मिलिमीटरच्या सरीला महापुराचा साज चढतो.

यातच चौकटींच्या संख्येचाही विचार करावा. नागपूरच्या अक्षांशावर ०.२५ अंशाची चौकट दक्षिणोत्तर सुमारे २८ आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६ किलोमीटरची असते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,९०० चौरस किलोमीटर धरल्यास संपूर्ण जिल्हा जेमतेम चौदा चौकटींत बसतो. चौदा आकड्यांवरून दहा रंगांच्या सीमा काढणे म्हणजे चौदा मुलांच्या वर्गात दहा क्रमांक वाटणे आहे. जिल्ह्यापुरते ग्रिड कापून त्यावरून पट्टी काढण्याची आमचीही सवय होती. ती आम्ही सोडली आहे.

सीमा एकदाच ठरवणे

उपाय असा की रंगांच्या सीमा रोज काढायच्या नाहीत. दोन रस्ते आहेत आणि नकाशा कशाचा आहे त्यावरून निवड करावी.

मोसमातील एकूण पाऊस, आठवड्याची बेरीज, उंची, जमिनीतील ओलावा अशा राशींसाठी सीमा डेटावरूनच काढाव्यात, मात्र एका ग्रिडवरून नव्हे तर सर्व ग्रिडांवरून. जीआरडीटूसीपीटीला एकापेक्षा अधिक ग्रिड एकदम देता येतात, अट एवढीच की सर्वांचे आकारमान सारखे असावे. ही सोय फार कमी लोक वापरतात असे माझे निरीक्षण आहे. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांची चालू सात दिवसांची बेरीज काढून ती सगळी ग्रिड एकत्र दिली, तर मिळणारी पट्टी संपूर्ण मोसमासाठी एकच असते, आणि मागील काही वर्षांचे मोसम त्यात घातले तर ती अधिक स्थिर होते. सोबत एल या पर्यायाने खालची आणि वरची मर्यादा सांगावी. त्या मर्यादेबाहेरचे आकडे वितरण काढताना मोजलेच जात नाहीत. शून्यांचा ढीग टाळण्यासाठी खालची मर्यादा शून्याच्या किंचित वर ठेवून शून्याला वेगळा, जवळपास पांढरा रंग द्यावा.

रोजच्या पावसासाठी मात्र डेटाकडे न पाहता हवामान विभागाचे प्रचलित वर्ग घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २.५ ते १५.५ मिलिमीटर हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार, ही विभागणी वाचकाने बातम्यांत ऐकलेली असते आणि रंगाचा अर्थ त्याला पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. मध्यम हा वर्ग फारच रुंद आहे ही तक्रार मला मान्य आहे. संत्र्याच्या बागेसाठी १६ आणि ६० मिलिमीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आम्ही त्या वर्गाचे ३५ मिलिमीटरला दोन भाग केले आहेत आणि दोन्ही भागांना एकाच रंगाच्या जवळच्या छटा दिल्या आहेत.

येथे एक बारीक काटा टोचतो. जीएमटीच्या पट्टीत सीमेवरचा आकडा वरच्या वर्गात जातो. क्यूजीआयएसमध्ये "डिस्क्रीट" पद्धत निवडल्यास लिहिलेला आकडा ही वर्गाची वरची सीमा असते आणि सीमेवरचा आकडा खालच्या वर्गात राहतो. म्हणजे दोन्हीकडे ६४.५ लिहिले, तर नेमका ६४.५ मिलिमीटरचा पाऊस एका नकाशात जोरदार आणि दुसऱ्यात मध्यम ठरतो. त्यात ग्रिडमधील आकडे पर्जन्यमापकाप्रमाणे एका दशांशात थांबत नाहीत, ६४.४७ असाही आकडा येतो आणि तो अधिकृत वर्गांच्या फटीत पडतो. आम्ही दोन्ही साधनांत सीमा २.४५, १५.५५, ६४.४५, ११५.५५ आणि २०४.४५ अशा ठेवल्या आहेत, आणि सूचीत मात्र अधिकृत आकडेच छापतो. त्यानंतर दोन्ही साधनांच्या नकाशांत फरक आढळलेला नाही.

ठरवलेली पट्टी खरोखर वापरली जाते का?

सीमा नीट ठरवूनही रंग बदलत असतील तर बहुधा वापरात भलतीच पट्टी असते. जीएमटीच्या आधुनिक पद्धतीत मेकसीपीटी किंवा जीआरडीटूसीपीटी या पट्टी बनवणाऱ्या आज्ञा चालवल्यावर तयार झालेली पट्टी त्या सत्रापुरती "चालू पट्टी" म्हणून राहते, डिस्कवर वेगळी फाइल लिहिली जात नाही. त्याच आराखड्यात पुढे उंचीसाठी दुसरी पट्टी केली की चालू पट्टी ती होते, आणि त्यानंतर काढलेला पाऊस उंचीच्या रंगांत येतो. एच हा पर्याय देऊन पट्टी फाइलमध्ये लिहून घ्यावी आणि प्रत्येक आज्ञेत तिचे नाव स्पष्ट द्यावे.

क्यूजीआयएसमध्ये "स्टॅटिस्टिक्स एक्स्टेंट" हा खटका पाहावा. तो "अपडेटेड कॅनव्हास" वर असेल तर पडद्यावर जेवढा भाग दिसतो तेवढ्याच भागाची किमान-कमाल धरली जाते आणि विदर्भावरून नागपूर शहरावर झूम करताच सगळे रंग नव्याने वाटले जातात. तो "होल रास्टर" वर आणावा. शेजारी "अ‍ॅक्युरसी" मध्ये "एस्टिमेट" असेल तर क्यूजीआयएस मोजके नमुने घेऊन अंदाज बांधते आणि एखाद-दुसऱ्या चौकटीतला खरा कमाल आकडा त्यातून निसटू शकतो, म्हणून तेथे "अ‍ॅक्चुअल" निवडावे. सीमा हाताने लिहिल्यावर शैलीची फाइल सेव्ह करून ती रोजच्या थराला लावावी.

काळे आणि पांढरे डाग

जीएमटीच्या पट्टीच्या शेवटी बी, एफ आणि एन अशा तीन ओळी असतात: पट्टीच्या खाली जाणाऱ्या आकड्यांचा रंग, वर जाणाऱ्यांचा रंग आणि रिकाम्या चौकटींचा रंग. पट्टीने वेगळे सांगितले नसेल तर ते अनुक्रमे काळा, पांढरा आणि राखाडी असतात. त्यामुळे डागाचा रंगच निदान सांगतो. पांढरा डाग म्हणजे पाऊस पट्टीच्या वर गेला, आणि ही चूक धोक्याची आहे, कारण सर्वांत मोठ्या पावसाची जागाच कोरी दिसते. पट्टी बनवताना डी हा पर्याय दिल्यास बाहेरच्या आकड्यांना टोकांचेच रंग मिळतात.

काळ्या डागांनी आम्हाला दोन दिवस खेळवले. पाऊस शून्याच्या खाली जात नाही, मग पट्टीच्या खालचा आकडा आला कोठून? नकाशा गुळगुळीत दिसावा म्हणून आम्ही ०.२५ अंशाचे ग्रिड जीएमटीच्या जीआरडीसॅम्पल या आज्ञेने बारीक केले होते. ती आज्ञा मुळात बायक्युबिक पद्धतीने वक्र बसवते, आणि १५० मिलिमीटरच्या चौकटीला लागून कोरडी चौकट असली की वक्र खाली येताना शून्याच्या पलीकडे झोका घेतो आणि उणे ६, उणे ८ असे आकडे तयार होतात. शेजारच्या आकड्यांमध्ये सरळ रेषेने अंदाज घेणारी बायलिनिअर पद्धत निवडल्यास हा झोका येत नाही, किंवा बारीक केल्यानंतर जीआरडीक्लिपने शून्याखालचे सर्व शून्य करता येते. मी पहिला मार्ग पसंत करतो, कारण वक्र जसा खाली झोका घेतो तसाच वरही घेतो आणि वर फुगलेला पाऊस डागासारखा दिसून येत नाही.

सरासरीपासूनचा फरक आणि झेरॉक्सचा प्रश्न

पाऊस सरासरीच्या किती टक्के कमी-अधिक आहे असा नकाशा असेल तर पट्टीला मध्य असतो आणि तो शून्यावर राहिला पाहिजे. टक्केवारी उणे १०० च्या खाली जाऊ शकत नाही, वर मात्र कितीही जाते. आकड्यांवरून आपोआप पट्टी काढली की उणे १०० ते अधिक २४० यांचा मध्य अधिक ७० ला येतो आणि सरासरीइतका पाऊस झालेला तालुका तुटीच्या रंगात दिसतो. सीमा उणे ६०, उणे २०, अधिक २० आणि अधिक ६० अशा हातानेच लिहाव्यात.

शेवटची तक्रार रंगांच्या निवडीची होती. गावातील फलकावर लावण्यासाठी नकाशाची सीताबर्डीतून झेरॉक्स काढली, तेव्हा कोरडा भाग आणि अतिवृष्टीचा भाग दोन्ही काळपट आले. आमची पट्टी निळा, आकाशी, हिरवा, पिवळा, लाल अशी इंद्रधनुषी होती. लाल ०.२९९, हिरवा ०.५८७ आणि निळा ०.११४ या भारांनी करडेपणा (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) काढला तर शुद्ध निळ्याचा २९, आकाशीचा १७९, हिरव्याचा १५०, पिवळ्याचा २२६ आणि लालचा ७६ येतो. पाऊस क्रमाने वाढतो आणि उजेड मात्र वर-खाली होतो, म्हणून करड्या प्रतीत क्रमच हरवतो. आता आम्ही फिक्या पिवळ्यापासून हिरव्यातून गडद निळ्याकडे उतरणारी पट्टी वापरतो, आणि नवा रंग घालण्यापूर्वी त्याचा करडेपणा याच भारांनी काढून तो आधीच्या रंगापेक्षा कमी आहे ना, ते पाहतो.

पट्टीत कोणताही बदल केला की ती दोन ठरावीक दिवसांवर लावून पाहतो. एक जूनच्या सुरुवातीचा मोसमी पावसाआधीचा दिवस, ज्यात विदर्भ जवळपास पांढरा दिसला पाहिजे. दुसरा २३ सप्टेंबर २०२३. त्या पहाटेपूर्वी काही तासांत शहरात १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. दैनिक पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजला जात असल्यामुळे तो पाऊस २३ तारखेच्या ग्रिडमध्ये शोधावा लागतो. २२ तारखेचे ग्रिड उघडून पट्टी बिघडली असा निष्कर्ष आम्ही एकदा काढलेला आहे.